नळीचं तोंड

कारू नैतामची भरमार डावीकडे मारते
हे सगळ्या टोल्याला माहीत होतं.
कोणी म्हणे, कारूच्या डोळ्यात फूल पडलं.
कोणी म्हणे, माशी वाकली.
त्याची सासू म्हणे, बंदुकीला लागीर हाये, कोंबडं द्या.
कोंबडं दिलं. शिजवून खाल्लंही.
त्याच रात्री रानडुकरं बांधीत उतरली
अन् लोंबीवर आलेला एचएमटी
थोबाडानं नांगरून गेली.

मग तो ती घेऊन आला आमच्या भात्याशी,
पोत्यात गुंडाळून,
दवाखान्यात म्हातारं माणूस आणतात तशी.
माझ्या बापानं, उरकुडा मिस्त्रीनं,
आधी गज टाकून पाहिलं, भरलेली तर नाही.
मग घोडा पाहिला नाही, दस्ता पाहिला नाही.
म्हणाला, "निरू, काहूस आन."

प त्याला जमत नव्हता.
मागच्या पोळ्याला वारं गेलं अंगावरून,
तेव्हापासून ओठ डावीकडे ओढलेला,
चहा त्या बाजूनं सांडायचा,
अन् प, फ, ब, भ.

चिमूटभर कापूस
नळीच्या तोंडावरून त्यानं फिरवला, सावकाश.
तीन बाजूंनी घसरला.
उजवीकडे एक तंतू अडकला
आणि तिथंच राहिला, वाऱ्यानं हलत.

चाळीस वर्षं गज आत-बाहेर करताना
कारूच्या बापाचा, मग कारूचा हात
त्याच एका जागी टेकत आला होता.
लोखंड असंच झिजतं, सवयीनं.
गोळी बाहेर पडायची त्या क्षणी
तिथून धूर आधी निसटायचा
आणि जाता जाता तिला कोपर मारायचा.
एवढंच लागीर.

गोल डोक्याचा पितळी स्क्रू,
ट्रॅक्टरवाल्याकडून मागून आणलेली व्हॉल्व्ह घासायची पेस्ट,
नळीत आत बोळा, घाण खाली जाऊ नये म्हणून.
हातड्रिलचा दांडा मी फिरवला.
बाप ड्रिल डोलवत राहिला,
जरा इकडे, जरा तिकडे,
कुठेच फार वेळ नाही.
भात निवला म्हणून आई दोनदा ओरडली.
तिसऱ्यांदा ओरडली नाही.
तेव्हा कुठं कडेला एक बारीक कडं उजळलं,
सगळीकडून सारखं.

मग चिंधी.
गादीची जुनी खोळ, निळ्या पट्ट्यांची,
टोरीच्या तेलात चोळलेली.
जाड झाली तर गोळी उतरत नाही,
पातळ झाली तर आतला पीळ तिला धरत नाही.
किती जाड, ते बाप माझं बोट चिमटून सांगायचा.
दारू मापानं. वर चिंधी.
चिंधीवर शिशाची गोळी, साच्याचं देठ आभाळाकडे.
गज एकदाच. ठोकायचा नाही, दाबायचा.

बोडीच्या पाळीवर सुकलेला भोपळा ठेवला.
कारूनं मारली.
सगळे भोपळ्याकडे धावले.
बापानं मला उलट्या दिशेला, म्हणजे जवळच, पिटाळलं:
चिंधी शोध.
पंधरा-वीस पावलांवर तणसात ती धुमसत होती.
मी थुंकी लावून विझवली, आणून दिली.

त्यानं ती तळहातावर उलगडली.
मधे काळा ठसा. भोवती पिळाच्या सात खुणा,
पाणकोंबडी चिखलातून गेल्यासारख्या.
काठ विसविशीत, पण कापलेला कुठेच नाही.
तिकडे भोपळ्याचं काय झालं यावरून वाद सुरू होता.
बापानं ओढलेला ओठ
तेलकट बोटानं जागेवर आणून धरला
आणि म्हणाला, अगदी स्वच्छ:
"फाटली नाही."

आठ दिवसांनी निवडणूक लागली.
कुरखेड्याच्या ठाण्यात सगळ्यांच्या बंदुका जमा.
कारूनं नळीच्या तोंडात बापानं दिलेलं सागाचं बूच बसवलं,
दोनदा काढून पुन्हा बसवलं.
शिपायानं पावतीवर लिहिलं:
भरमार, एक. जुनी.

डुकरं आली. डबे वाजवले.
चिंधी माझ्या कंपासपेटीत आहे,
अजून वास येतो.