एक लाख ऐंशी हजारांत अठरा

बर्फाच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
मी वही उलटी करतो.
पुढून लाद्या, होड्यांची नावं, उधारी;
मागून नवाबाग स्पोर्टिंग,
माणसं अठरा.

मर्यादा कुणी घातली, तर आम्हीच.
ज्या वर्षी ट्रॉलरवाल्या दत्तारामशेठने
देवगडपासून रेडीपर्यंतचे पाय विकत घेतले
आणि फायनल अकरा-शून्य झाली,
मध्यंतरालाच लोक उठून सुंगटांच्या लिलावाला गेले.
तेव्हा सहा क्लबांनी सह्या केल्या:
मोसमाला एक लाख ऐंशी हजार,
वर रुपया नाही.

साल्वादोर पेडण्याहून येतो, मोटारसायकलने.
अठ्ठेचाळीस मागतो, आणि वाजवी मागतो.
त्याच्या पायाशी चेंडू
ओहोटीला डबक्यात राहिलेल्या माशासारखा:
दिसतो, पण हात घाला बघू.

उरले एक बत्तीस.

इनासचा गुडघा चतुर्थीआधीच गेला.
चौदा हजार त्याच्या नावावर, मेअखेरपर्यंत.
"माका काढ रे, जागा तरी मोकळी होतली,"
प्लास्टरवर पेनाने गोलपोस्ट काढत तो म्हणाला.
कमिटीचं म्हणणं, सही ती सही.
खेळणार नाही, तरी मोजायचा.
आम्ही त्यांना बुडीत पैसे म्हणतो,
इनाससमोर म्हणत नाही.

एक अठरा.
भागिले सोळा.
सात हजार तीनशे पंचाहत्तर.
या रकमेचा माणूस
मी अख्ख्या किनाऱ्यावर पाहिलेला नाही.

तरी पंधरा जणांना साताला राजी केलं.
केरकरांच्या पोराला बूट कबूल करून, बूट मर्यादेत धरत नाहीत.
आरवलीच्या जुळ्यांना एकाच वाक्यात.
बावतीसला त्याच्या आईकरवी.
तळाला तेरा उरले,
ते भिवा तांडेलला.

गेल्या साली त्याचे बावीस होते.
वय छत्तीस. गोलात उभा राहिला की
मागची जाळी उगाच बांधल्यासारखी वाटायची.
"शिरोडा पंधरा देता," तो म्हणाला.
मागणी नव्हती ती.
वारा कुठला आहे ते सांगावं, तसं सांगितलं.

दोन हजार.
त्या रात्री वही पुढून उघडली, भिवाच्या होडीचं पान.
रोज एक लादी न लिहिता गेली
तर पंधरा दिवसांत दोन हजार होतात.
कमिटी बर्फ मोजत नाही,
आणि बर्फ दुपारपर्यंत पुरावा ठेवत नाही.
पेन्सिलने लिहिलं.
खोडलं.
कागद तिथे अजून पातळ आहे.

माघात शिरोड्याचा गोल त्याने राखला.
साल्वादोरची पेनल्टी, सत्तरावं मिनिट:
अठ्ठेचाळीस हजार डावीकडे गेले,
पंधरा हजार आधीच तिथे पोचले होते.
आमच्या गोलात सातचा पोरगा. चांगला आहे,
त्या दिवशी दोन खाल्ले.
आणि वहीत सहा हजार पडून,
पुढच्या मोसमात न जाणारे,
मोसमाबरोबर मरणारे.

पहाटे चारला भिवा बर्फाला आला, रोजच्यासारखा,
बोटांना अजून पट्ट्या.
"दोन हजारात गेलंय मी, नाय?"
मी लाद्या मोजत होतो. नऊ.
त्याने पुन्हा मोजल्या,
सुटे पैसे दिले,
आणि गोणपाट टाकता टाकता म्हणाला,
"तुमचो पोरगो डावीकडे आधीच पडता.
त्येका सांग, थांब म्हणान."

लिहिलं: लाद्या नऊ, रोख.
मग वही उलटी केली.
मेअखेर इनास सुटतो,
चौदा मोकळे.
भिवा सदतीस होईल.