दोन मिलिमीटर

दुसखेड्याच्या सायडिंगला उभं आहे आमचं मशीन,
गिट्टीत बोटं खुपसून रूळ सरळ करणारं.
त्याच्या कपाळावर पितळी पाटी, पाटीवर गावाचं नाव.
हेल्पर होतो तेव्हा रोज पुसायचो कॉटन वेस्टनं,
इतकी वर्षं, की शेवटचं अक्षर घासून गेलं.
लिन्झचं झालं लिन.
रशीद तडवी म्हणतो, बरं झालं,
आता कीर्तनातलं वाटतं.

सुपडू तायडे आमचे पहिले ऑपरेटर, वरणगावचे.
चौऱ्याण्णव साली मशीन शिकायला
सहा आठवडे ऑस्ट्रियात होते.
मुंबईसुद्धा तेव्हा दुसऱ्यांदाच पाहिली.
पेटीत कळण्याचं पीठ.
विमानतळावर ते कुत्र्यानं हुंगलं
आणि शिंकलं.

मे महिन्यात कॅम्प कोचचा पत्रा
रात्री अकरापर्यंत हात लावू द्यायचा नाही.
आम्ही खाली बाजा टाकून पडायचो, तायडे गावं सांगायचे.
डोंगर त्यांनी कधी सांगितले नाहीत.
डोंगर काय, म्हणायचे, समोर सातपुडा आहे, बघून घ्या.

श्टायर म्हणून एक. दोन नद्या मिळतात तिथं.
म्हणजे आपलं चांगदेव, वामन कोळी उठून बसायचा,
डोंगा चालतो का?
डोंगा नाही. पूल आहेत.
मग कोळ्यांनी काय करायचं?
यावर तायडे कूस बदलायचे.

ब्लुडेन्झला गाडीतून उतरलं की चॉकलेटचा वास.
साखर कारखान्याच्या मळीचा येतो, तसा?
तसा नाही रे.
पण तिथल्या माणसाला तो येत नसणार,
जसा आपल्याला आपला येत नाही.

आयझेनएर्त्झला अख्खा डोंगर
पायऱ्या पायऱ्यांनी कापलेला, लोखंडासाठी,
आणि खाली गाव अर्धं रिकामं.
खिडकीत फुलाची कुंडी, कुंडीमागे कोणी नाही.
इथवर आले की तायडे बिडी शोधायला लागायचे.
त्यांच्या आईचं माहेर हतनूरच्या पाण्यात गेलं,
हे आम्हाला फार पुढे कळलं.

आणि झेल्त्स्टाल.
ते नाव आमच्या जिभेवर कधी नीट बसलं नाही.
चार चाळी, एक जंक्शन, रेल्वे नसती तर गावही नसतं,
असं भुसावळवाल्यांना समजावून सांगावं लागत नाही.
रविवार होता. शेवटची गाडी चुकली.
फलाटावर तायडे, अंगात दोन स्वेटर.
तेवढ्यात कंदील घेऊन आला एक गँगमन,
म्हातारा, गुडघ्यांवर चामड्याचे तुकडे.
काय बोलणार?
तायड्यांनी नुसतं रुळाकडे बोट केलं.
तो वाकला, गाल रुळाला टेकवला, एक डोळा मिटला.
शेजारी तायडे वाकले. गाल. डोळा.
तिसऱ्या खांबाजवळ रूळ दबलेला होता.
दोघांनाही दिसला.

तायड्यांनी दोन बोटं दाखवली: दोन मिलिमीटर.
त्यानं तीन.
तायड्यांनी मान हलवून पुन्हा दोन.
पहाटेची गाडी येईपर्यंत हेच चाललं होतं म्हणे,
मध्ये त्यानं अर्धी पोळी दिली, काळी, आंबट,
आणि हे हसत हसत पुन्हा: दोन.

आता ते निवृत्त आहेत.
मशीनच्या आवाजानं दोन्ही कान गेलेले.
परवा माझ्या मुलीनं फोनवर काढून दिलं ते गाव.
बर्फ पडला होता. घरं दिसत होती, चर्च दिसत होतं,
रूळ मात्र सगळे झाकलेले.
वरणगावला गेलो होतो, फोन त्यांच्या हातात दिला.
त्यांनी तो डोळ्याशी आडवा धरला,
एक डोळा मिटला, बराच वेळ.
मग ओरडून म्हणाले, बहिऱ्या माणसाच्या आवाजात,
दोनच होते.

कंट्रोलचा फोन आलाय.
ब्लॉक मिळालाय, दोन तास चाळीस मिनिटं.
अप लाइनवर, किलोमीटर दगडाच्या पुढे,
मी गुडघे टेकतो. रूळ पोळतो.
तरी गाल जितका जवळ नेता येईल तितका नेतो.
रशीद, लिहून घे.
तीन.
थांब, जरा थांब.