नऊ तारखेची नोंद

उम्म अल क्वैनच्या खाडीत
माझी मुलगी गुडघाभर चिखलात उभी राहून
पाण्याचा एक थेंब काचेवर घेते,
उन्हाकडे धरते, एक डोळा मिटते
आणि ओरडते, बावन्न!
काठावर फिदा वहीत लिहिते, बावन्न.
मी गाडीत बसून थर्मासातला चहा पितो.
या शोधनिबंधात माझं काम एवढंच.

विषय शर्वाणीने निवडला:
खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याच्या
सांडपाण्याचा तिवरांतल्या शंखांवर होणारा परिणाम.
कारखाना मात्र मीच निवडलेला,
बारा वर्षांपूर्वी, केळूसहून,
व्हिसा आधी त्यांचा आला म्हणून.

समुद्र ओढून घ्यायचा,
गोडं तेवढं नळांना द्यायचं
आणि उरलेलं, जास्तच खारट, कोमट,
पाइपातून त्याचं त्याला परत.
जेवताना एकदा सहज बोलून गेलो होतो.
तिने तेव्हा फक्त भाजी वाढून घेतली.

बारा पानं. सारांश अडीचशे शब्दांत.
कुरियन सरांनी तीनदा परत पाठवला.
"बिचारा समुद्र" असं एका ठिकाणी होतं,
त्याच्यापुढे लाल शाईत:
बिचारा हे मोजमाप नाही.
तिने तो शब्द काढला
आणि जागा भरायला शंख पुन्हा मोजले.
एका चौकटीत एकशे चौदा,
पाइपाजवळच्या चौकटीत सहा.

मी म्हटलं, आज भांग आहे,
पाणी फार चढायचं नाही, बूट राहू देत.
तिला भांग केसांतलाच ठाऊक.
दोघी हसल्या, मोबाइलवर भरतीचा तक्ता पाहिला,
मग हसायच्या थांबल्या.
पण संदर्भसूचीत
माझ्या वडिलांच्या होडीला जागा नव्हती.

शेवटच्या रात्री टेबलभर कागद.
मी पाण्याला उठलो आणि तक्ता दिसला.
केंद्र क्रमांक एक, पाइपाचं तोंड:
बावन्न, एक्कावन्न, त्रेपन्न,
नऊ तारीख, सकाळी सात: त्रेचाळीस.
फिदा फोनवर सांगत होती, काढून टाक,
आलेख बिघडतोय.
शर्वाणी म्हणत होती, थेंब मी स्वतः पाहिलाय.

नऊ तारीख.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
पडदे धुवायला पंप बंद केले होते.
सकाळी नऊ चाळीसला सुरू.
लॉगबुकात अक्षर माझं, सही माझी.
आणि फाटकातून आत जाताना पहिल्याच दिवशी
एका दुसऱ्या कागदावरही सही केलेली,
इथलं काही बाहेर बोलणार नाही म्हणून.

मी एवढंच म्हटलं, आकडा राहू दे.

तिने मान वर केली नाही.
"बाबा, त्या दिवशी तुमची नाइट होती ना?"
ग्लास हातातच राहिला.
"होती."
"मला वाटलंच. मी लिहिणार नाहीये.
ज्याचं नाव देता येत नाही
तो संदर्भ धरायचा नसतो."
मग त्रेचाळीसच्या डोक्यावर एक बारीक तारा काढला
आणि पानाच्या तळाशी टाइप केलं:
कारण निश्चित करता आले नाही.

अकरा अठ्ठेचाळीसला फाइल अडकली.
शंखांचा फोटो जड होता.
तो लहान केला, आणखी लहान केला,
शेवटी शंख तिळाएवढे झाले
तेव्हा कुठे गेली.
ऋणनिर्देशात शाळा, कुरियन सर,
गमबूट दिल्याबद्दल फिदाची आई,
आणि सर्वांत खाली,
श्री. न. केळुसकर, वाहतूक.

पहाटे पाचला मी व्हॉल्व्ह उघडला.
मीटरवर आकडा चढत गेला, थांबला.
रोज मी पहिले दोन अंक बघून बरोबरची खूण करतो.
आज दशांशापर्यंत वाचला.
मग चष्मा पुसून
पुन्हा एकदा.