डावा हात, मिलिलिटरमध्ये

अल्फिया बागवान, वय असेल चोवीस,
उंच नळकांड्यासारखं भांडं पुढ्यात सरकवते.
काठाला चोच, चोचीखाली मोजपात्र.
काठोकाठ भरते, जादाचं गळून जाईपर्यंत थांबते.
म्हणते, "हात सैल सोडा मावशी. हळूच.
घाबरू नका, नुसतं पाणी आहे."

मला हसू येतं.
एकतीस वर्षं मंगळवार पेठेतल्या शाळेत
ही भांडी मीच विसळली, मीच भरली,
मीच दोरा बांधून दिला
पंचगंगेच्या घाटावरच्या गोट्याला,
उद्यमनगरातून आणलेल्या ओतकामाच्या तुकड्याला,
किल्लीला, तुटक्या बिजागरीला.
मगदूम सर फळ्यावर लिहायचे:
अनियमित आकाराच्या वस्तूचे आकारमान.
लांबी-रुंदी-उंची जिची धड सांगता येत नाही
तिला पाण्यात सोडायचं.
ती मागेल तेवढी जागा
पाणी मुकाट रिकामी करून देतं.

भोवरा तरंगायचा, त्याला गोटा बांधायचा.
एकदा धनपाल चौगुलेनं, बापाचं गुऱ्हाळ,
खिशातून गुळाचा खडा काढून टाकला.
पाणी चढलं. मग पिवळं होत गेलं.
"मावशी, गूळ गेला कुठं?"
सर छडी शोधेपर्यंत
पोरांनी ते पाणी पिऊनसुद्धा टाकलं.
वहीतला तो रकाना कोराच राहिला.

आज वस्तू मी.
शस्त्रक्रियेनंतर सातव्या महिन्यात
दंड भरायला लागला, मग मनगट.
पोलक्याची बाही उसवली. पाटली अडकली.
गुजरीत पोतदारांनी कानस लावून कापली,
आणि सोनं तोळामाशात मोजून परत दिलं,
घट किती, कस किती, सगळं चिठ्ठीवर.

छातीतून जे काढलं
ते कुणी पाण्यात सोडून बघितलं नाही.
बरणी होती म्हणे. वर नंबर होता.
केवढं होतं, मी विचारलं होतं.
डॉक्टरांनी मूठ करून दाखवली.
मूठ!
मगदूम सरांनी शून्य दिलं असतं.

चोचीतून आधी धार येते, मग थेंब,
मग बराच वेळ एकच थेंब, जो पडत नाही.
उजवा हात अठराशे साठ.
डावा, अल्फिया उभ्यानंच बघून लिहिते,
दोन हजार दोनशे चाळीस.
फरक तीनशे ऐंशी.
गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस समोर पिळून
फेसासकट जो पेला हातात देतात, साधारण तेवढं.
तेवढं मी रोज रात्री
वेगळ्या उशीवर ठेवून झोपते.

"पोरी, वाक."
"काय?"
"डोळा पातळीत आण. वरनं बघितलं की जास्त दिसतंय.
पाण्याचा खळगा कुठं टेकलाय, तिथं वाच."

ती गुडघ्यांवर बसते, ओढणी मागं टाकते,
एक डोळा मिटते, अगदी सहावीतल्या पोरांसारखा,
जीभ ओठांत धरून.
मग चाळीस खोडते, पस्तीस लिहिते.
"बरोबर?"
"आता बरोबर."

पाच मिलिलिटर. चमचाभर.
सूज काही उतरलेली नाही, मला कळतंय की.
तरी रंकाळ्याच्या बसमध्ये
खिडकीची जागा मिळते, हात मांडीवर घेते,
कुणाचं तरी मूल झोपलेलं घ्यावं तसा.
बाही अजून ओली.
हाताला चिकटून आलेलं हे पाणी
कुठल्याच रकान्यात गेलेलं नाही.
वारा लागतो. वाळत राहतं.