नळी

इंदोऱ्याच्या चौकात, पेट्रोल पंपाच्या भिंतीला टेकून
माझी व्हॅन उभी असते.
चाकांतली हवा गेली, त्याला तीन उन्हाळे झाले.
दारावर रंगवलंय: येथे धूर तपासून मिळेल.
खाली नाव, सोनकुसरे, आणि एक मोबाईल नंबर
जो आता माझा नाही.

एकवीस वर्षं मी लोकांच्या सायलेन्सरात नळी घातली.
कुणाचा धूर कसा, डोळे मिटून सांगतो.
रॉकेल मिसळलेला ऑटो डोळ्यात जातो,
जुनी डिझेल जीप आधी घशात बसते, मग दिसते,
गॅसकिटवाल्याचा वास सडक्या कांद्यासारखा.
मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
ओला दुपट्टा तोंडाला गुंडाळून म्हणायचो,
रेस कर बाप्पा, अजून, हं, बस.
कागद निघायचा. पास.
नापास फार थोडे झाले माझ्या हातून.
पन्नास रुपये जास्त दिले की तेही पास.
आता लपवून काय करू.

परवा एक गाडी आली, हिरव्या पाटीची.
पाठीशी येऊन थांबली तरी कळलं नाही,
आवाजच नव्हता.
आत एक मुलगी, फार तर पंचविशीची.
काका, पीयूसी काढून द्या.
बाई, हिला लागत नाही.
तरी बघा नं एकदा, उगाच कुणी अडवतं.
सवयीनं नळी घेऊन मागं गेलो, वाकलो.
काहीच नव्हतं तिथं.
साफ पत्रा. त्यात माझंच तोंड,
दुपट्टा बांधलेलं.

खूश झालो, खोटं नाही सांगत.
अशा वाढल्या तर खोकला जाईल.
धंदाही जाईल. जाऊ दे.
डॉक्टर तर कधीचाच म्हणतो, सोनकुसरे, दुसरं काही बघा.
ती म्हणाली, रात्री घरीच लावते चार्जिंगला,
सकाळी फुल्ल. धूर शून्य, काका.
वीज कुठून येते, विचारणार होतो.
नाही विचारलं. पोरगी भली होती,
डिक्कीतून थंड पाण्याची बाटली काढून दिली तिनं.

मी राहतो सुरादेवीला.
कोराडीची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात,
रात्री लाल दिवे लागतात त्यांच्या गळ्याला.
पमाबाई मूगवड्या वाळत घालते, वरून जुनी साडी टाकते,
तरी बोटाला राख लागते,
मऊ, पिठासारखी, बिनचवीची.
भिंतीला रंग देताना आम्ही राखाडीच निवडला,
तेवढाच खर्च वाचतो.
जावई ई-रिक्षा चालवतो,
रात्री आमच्याच मीटरवर लावतो.
म्हणतो, कायले टेन्शन घेता मामाजी,
पेट्रोलचे पैसे वाचले नं.
वाचले, खरंच वाचले.
पोरीच्या कानात यंदा बारक्या बाळ्या आल्या.

मशीन मी रोज घरी नेतो, चोरीच्या भीतीनं.
काल जेवणं झाल्यावर नातू म्हणाला,
आबा, त्याची पीयूसी करा नं.
बोट धुराडीकडं.
सगळे हसले. मीही.
मग कुणास ठाऊक काय वाटलं,
बोर्डातून वायर ओढली, मशीन गच्चीवर मांडली,
नळी उचलून धरली
हात पुरेल तेवढी उंच.
आतला पंप घुरघुरला.
वारा नेमका आमच्याच अंगावर होता.
स्क्रीन उजळली, नातवानं एकेक अक्षर लावून वाचलं:
गाडी नंबर टाका.

काय टाकू, आबा?
थांब, म्हटलं.
हात अवघडला होता, तरी खाली घेतला नाही.
खाली अंगणात रिक्षाची हिरवी बत्ती लुकलुकत होती,
फुल्ल व्हायला अजून दोन तास.