वाढत्या अंगाचं

हार्लिंगेनच्या बंदरालगत माझं शिवणाचं दुकान होतं.
खिडकीतून डोलकाठ्या दिसत,
त्यांना कुणी म्हणत नसे
की जरा जास्तच वाढल्यात.

शाळा उघडायच्या आठवड्यात बाउक्ये तिची जुळी घेऊन आली.
वीब्रन आणि हिस्के, तेरावं लागलेलं.
एकाच रात्रीचा जन्म,
पण तो तिच्या खांद्याला लागत होता.

"ह्याची पँट वाढत्या अंगाची शिव," बाउक्ये म्हणाली.
"हिचा स्कर्ट मापात."

तोवर गावानं दोघांना
टेपशिवाय कितीदा मोजलं होतं.
बेकरीतला डौवे वीब्रनच्या हातात एक पाव जास्त ठेवायचा:
"खा रे, मुलगे उशिरा सुटतात,
बापाच्या डोक्यावरून जाशील बघ."
आणि हिस्केला:
"वर पाऊस आहे का गं?"

एकदा मासळीवाला म्हणाला वीब्रनला,
"पोटात असतानाच बहिणीनं तुझ्या वाटचं खाल्लं वाटतं!"
टोमणा त्याला,
पण सगळ्यांनी पाहिलं तिच्याकडे.

चर्चच्या पायऱ्यांवर बायका आवाज खाली आणत,
नवऱ्याचं बोलायचं असलं की आणतात तसा.

त्याच्याशी सगळे पुढचं बोलायचे: होशील, जाशील, दिसशील.
तिच्याशी झाल्या गोष्टीचं:
केवढी झालीस.

मी दोघांना आळीपाळीनं टेबलावर उभं केलं.
दातांत टाचण्या, हातात खडू.
वीब्रननं श्वास ओढला आणि हळूच टाचा उचलल्या.
हिस्केनं स्कर्टच्या आत
हळूच गुडघे वाकवले.

मला दिसलं नाही.
नाही, खरं सांगते. दिसलं.
टाचण्या दातांत धरूनच मी हसले
आणि म्हणाले, "बाई गं, थांब आता,
एवढं कापड कुठून आणू?"

गुडघे आणखी वाकले.

पुढच्या शनिवारी पँट चार बोटं लांब निघाली,
स्कर्ट चार बोटं आखूड.
बाउक्येनं पँटचे पाय दोनदा दुमडले,
"राहू दे, वाढत्या अंगाचं पोर आहे."
मग स्कर्टकडे वळली:
"आणि हे काय करून ठेवलंस?"
हे नेमकं कुणाला म्हणाली
अजून कळलेलं नाही.
मी मुकाट्यानं शिवण उसवली.

नाताळानंतर तिला लेऊवार्डनच्या डॉक्टरांकडे नेलं.
हाताचा फोटो काढून त्यांनी सांगितलं
पोरगी अजून किती सेंटिमीटर जाईल.
गोळ्या दिल्या, रोज घ्यायच्या,
वाढ थांबवण्याच्या.
त्या वर्षात तिची कंबर भरली, छाती भरली,
पाय सुजायचे. दर दोन महिन्यांनी मी ब्लाउज मोठा करायची.
उंचीचं शिवण मात्र एकदाही उसवावं लागलं नाही.

वीब्रन सतराव्या वर्षी सुटला, डौवे म्हणाला होता तसा.
आता दारातून वाकून आत येतो
आणि त्यालाही विचारतात वर पाऊस आहे का.
तो हसतो. त्याला ते आवडतं.

एक गोष्ट मी बाउक्येला कधीच सांगितली नाही.
त्या गोळ्यांच्या वर्षी हिस्केला निळा लोकरी स्कर्ट शिवला,
आई म्हणाली तसाच, अगदी मापात,
पण घेराच्या आत चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं.
जागा म्हणून. किंवा माझ्या त्या बोलण्याची भरपाई म्हणून.

परवा हिस्के आली, साठी उलटलेली,
तोच स्कर्ट पिशवीतून काढला, नातीला बसेल का विचारायला.
घेर उलटा करून मी दिवा जवळ ओढला.
बाहेरचा निळा विटून राखाडी झालेला,
आतली पट्टी गडद, नवी कोरी,
तिला कधी ऊन लागलंच नव्हतं.

हिस्के बराच वेळ तिच्यावर अंगठा फिरवत राहिली.
"हे इथे होतं?" एवढंच म्हणाली.

मग मी कात्री शोधू लागले
आणि ती नातीला म्हणाली,
"टेबलावर चढ. आणि सरळ उभी राहा."