एकदाच, डावीकडून

पहाटे पाच चाळीस, लोहगाव.
मागच्या दारापाशी, घडीच्या खुर्चीत,
हात मांड्यांखाली दाबून मी.
पलीकडे लालरिनपुई, ओठ हलवत:
आग लागली तर, दार अडलं तर,
रोजची तीस सेकंदांची उजळणी.

विमान भरात धावत होतं
आणि आवाज आला.

आता त्याला काय म्हणायचं?
फट् नव्हता, फट् म्हणजे फुगा.
धाड नव्हता, धाड म्हणजे दार.
ठप्प.
सतरंजीवर कुणी पाटा टेकवावा तसा.
एकदाच. डावीकडून.
मग तळव्यांना जराशी खरखर,
आणि जमीन सुटली.

चाकं पोटात जातात तो घरघराट झाला
की मगच पुढे फोन करायचा, असं शिकवलेलं.
मी वाट पाहत राहिले.
घरघराट झालाच नाही.
चाकं बाहेरच ठेवली होती.
म्हणजे पुढेही कळलं होतं.

कॅप्टन झरीन पावरींचाच फोन आला.
"काय ऐकलंस ते सांग. काय वाटलं ते नको."
मी म्हणाले, ठप्प.
त्या म्हणाल्या, "फट् नाही?"
"नाही."
"किती वेळा?"
एकदाच. डावीकडून.
फोनमध्ये पेन्सिलीची कुरकुर ऐकू आली.

सव्वीस डी मधले गृहस्थ
भोसरीत चौतीस वर्षं लेथवर काढलेले,
बेल न वाजवता, मान वळवून म्हणाले,
"रबराचा आवाज होता, मॅडम."
मी हसले. हसण्याचंही प्रशिक्षण असतं.
"कॅप्टन सांगतीलच," म्हणाले.

खाली हवाई दलाची जीप
दिवे लावून धावपट्टी चाळत गेली.
तळहाताएवढा तुकडा सापडला. काळा. एका कडेला दोरे सुटलेले.

मग आम्ही उजनीच्या पाण्यावर घिरट्या घातल्या,
टाक्या हलक्या होईपर्यंत.
बाहेर लोंबणारी चाकं वारा कापत होती,
तो घोंगाट पायांतून दातांत येई.
सूर्य कधी डाव्या खिडक्यांत, कधी उजव्या,
मी मोजलं, नऊ वेळा.
चहा दिला नाही. उकळतं काही हातात नको.
एका मुलीच्या केसांतली पिन काढून घेतली,
एकाची कवळी रुमालात बांधून दिली.
लालरिनपुईने मला विचारलं, मराठीत,
"ठप्पच ना?"
तोपर्यंत माझीच खात्री उडाली होती.
शब्द फार वेळ तोंडात धरला की चोथा होतो.

मग धानोरीची घरं, पाण्याच्या टाक्या,
गच्चीवर दात घासणारा एक माणूस.
"डोकं खाली! डोकं खाली!"
माझा आवाज मला परका वाटला.

टेकलो.
काही झालं नाही.
कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, त्या चार-पाच जणांतच विझल्या.

बबन थिटे टॉर्च घेऊन पंखाखाली वाकले,
प्रत्येक टायरवरून हात फिरवला,
गुरांच्या बाजारात फिरवतात तसा.
सहाच्या सहा शाबूत.
डाव्या आतल्यावर फक्त एक काळा ओरखडा:
आपण कशावरून तरी गेलो त्याचा.

"मग तो तुकडा कुणाचा?"
लालरिनपुईनेच विचारलं.
थिटे सरळ उभे राहिले.

आमच्या आधी एकच उडालं होतं.
पाच बत्तीसचं, गुवाहाटीचं.
अजून वर होतं.
दोन तास आम्ही त्यांची भीती पोटात घेऊन फिरलो,
आणि तिथे आता
मागच्या दारापाशी माझ्यासारखी कुणी
ट्रॉलीचं ब्रेक दाबून विचारत असेल,
साखर घालू?

तिने काय ऐकलं असेल?
ऐकलंही असेल, आणि वाटलं असेल, बॅग पडली.
तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

कॅप्टन पावरी टोपी काखेत धरून
एकच वाक्य फोनवर पुन्हा पुन्हा, सावकाश सांगत होत्या.
सव्वीस डी उतरताना माझ्याशी थांबले.
"रबराचाच होता की नाही?"
"होता," मी म्हणाले. "आपला नव्हता."
त्यांना ते कळलं नाही. मान डोलावून गेले.

नऊच्या सुमारास थिट्यांचा फोन वाजला.
ते बराच वेळ नुसते ऐकत होते.
मग माझ्याकडे पेन मागितलं,
कागद नव्हता,
तळहात उघडला
आणि लिहू लागले.